गेटवरची हिंगाची डबी

माझ्या नाकाबद्दल बडोद्यात जे काही सांगितलं जातं ते सगळं खरं आहे, कारण त्यातलं बरंचसं मीच सांगितलेलं आहे. गोरव्याच्या कारखान्यात तेहतीस वर्षं काढली. साहेब लोक मशीनला मीटर लावून बसलेले असत आणि मी डबा खाता खाता सांगायचो, "तीन नंबरचं लेथ, डावीकडचं बेअरिंग." घास गिळायच्या आत बेअरिंग जायचं. खंडेराव मार्केटात आंब्याची पहिली पेटी फुटली की गोत्रीतल्या घरात बसून मी बायकोला म्हणायचो, "आला. पण आठवडाभर थांब, अजून कच्चा आहे." मध्ये अख्खी विश्वामित्री नदी. तिच्यातल्या मगरींच्या वासातून आंबा वेगळा काढावा लागायचा, हे लोक विसरतात.

आमची सोसायटी शाकाहारी. घर घेताना सेक्रेटरीने हसत हसत सांगितलं होतं, "काका, कांदा-लसण चालशे. एनाथी आगळ नहीं." म्हणजे त्यापुढचं काही नाही. आम्ही मूळचे मालवणकडचे. मी मान डोलावली, बायकोनेही डोलावली, आणि सामानाबरोबर सुक्या जवळ्याची भुकटी वर नेली. ही वाळवलेली बारीक कोळंबी. तिच्या वासाला पुरून उरेल असा जगात एकच गृहस्थ, हिंग. म्हणून बायकोने ती हिंगाच्या जुन्या पिवळ्या डब्यात भरून माळ्यावर ठेवली. खाली फळीवर तसल्याच पिवळ्या डब्यात खरा हिंग. चिठ्ठी-बिठ्ठी चिकटवली नाही. घरात नाक असताना चिठ्ठी कशाला? जवळा भाजायचा तो वर्षातून एकदाच, उत्तरायणाला. अख्खी सोसायटी गच्चीवर पतंगांमागे "काप्यो छे!" करत नाचत असायची, आणि बायको वारा कुठला ते बघून तवा ठेवायची. अशी अकरा वर्षं गेली.

मग तो आजार आला. सोसायटीने गेटवर ताप मोजायची बंदूक आणली. आठवडाभर बरी चालली. पुढे उन्हात तिचं डोकं फिरलं. लोखंडी गेटला तिने एकशे चार ताप काढला आणि वॉचमनला हिशेबाने मृत ठरवलं. त्याच सुमाराला टीव्हीवर ऐकलं, की या रोगात वास जातो. सेक्रेटरी धावत माझ्या दाराशी. "काका, तमारूं नाक आखा बडोदामां फेमस. तमे ज कांईक करो!"

मी केलं. एका स्टीलच्या डबीत हिंग भरला, वर मलमल बांधली, म्हणजे आतलं दिसू नये, वास तेवढा यावा. बाहेरून येणाऱ्याने मास्क हनुवटीवर ओढायचा, डबी हुंगायची, "हिंग" म्हणायचं आणि आत जायचं. जो चुकला त्याचं अख्खं घर चौदा दिवस बंद, वर त्याच्या दाराचा फोटो ग्रुपवर. नमुना म्हणून प्रत्येकाआधी मी स्वतः हुंगून दाखवत असे. रोज पन्नासेक नाकं त्या एकाच मलमलीला टेकत होती, आणि आम्ही समजत होतो की आम्ही रोग गेटबाहेर अडवतोय! महिनाभरात एकही माणूस नापास झाला नाही. होणार कसा? प्रश्न एकच आणि उत्तर सगळ्या सोसायटीला पाठ.

एका सकाळी मी ओट्याजवळ पेपर वाचत बसलो होतो, आणि बायको अंगणातून किंचाळत आली.

"अहो, दूध जळून कोळसा झालं! वास खालपर्यंत आला! तुम्ही काय समाधी लावलीत?"

"विचार करत होतो," मी म्हणालो.

"तुम्ही? विचार?"

ती पातेलं घासायला मोरीत गेली. ओट्यावर दोन्ही पिवळे डबे होते, पावसाळी दमट हवेत जवळ्याला बुरशी लागली का ते बघायला तिने माळ्यावरचा खाली काढला होता. मी एक हुंगला. काही नाही. दुसरा हुंगला. काही नाही. आता खोटं कशाला सांगू, मला तेव्हाच कळलं होतं. पण सोसायटीचं नाकच नापास, हे गेटवर जाऊन सांगायचं कसं? म्हटलं, सर्दी असेल, दुपारपर्यंत जाईल. मास्क चढवला, वाफेने चष्मा पांढरा झाला, त्यातूनच अंदाजाने एका डब्यातून डबी भरली आणि ड्यूटीवर गेलो.

पहिला सेक्रेटरी, हातात दुधाच्या पिशव्या. मी हुंगून "वाः!" म्हटलं आणि डबी पुढे केली. त्याने हुंगलं. त्याचे डोळे भरून आले, कान लाल झाले, मिशीचा एक एक केस उभा राहिला.

"हिंग," तो म्हणाला. "एकदम असल."

मग दुसरा, तिसरा. एका बहेननी पदर तोंडात कोंबला, दोनदा उमासा गिळला आणि म्हणाल्या, "हिंग. बहु स्ट्राँग छे, काका." अशी अकरा माणसं पास झाली आणि घरी जायचं सोडून गेटच्या आत, अंतरासाठी आखलेल्या खडूच्या गोलांत, गंमत बघत उभी राहिली. मला हुरूप आला. माल कडक आहे, आपलंच नाक जरा दमलंय!

बारावी आली ती तळमजल्यावरची बा, अख्ख्या सोसायटीची आजी. वय चौऱ्याऐंशी. कितीही सांगा, बाहेरच्या चबुतऱ्यावर पारव्यांना जुवार टाकल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नसे. तिने डबी हुंगली, मान वर केली आणि शांतपणे म्हणाली, "आ हिंग नथी. आ तो माछली छे. सूकी."



"बा फेल!" सेक्रेटरी खडूच्या गोलातून ओरडला. "बानुं नाक गयुं! घर बंद करो!" बाकीचे पास झालेले दहा जण जोरजोरात माना हलवू लागले.

"मारा बापुजी वेरावळमां स्टेशनमास्तर हता," बा म्हणाली. "माछलीना टोपला वच्चे मोटी थई छुं. मने शीखवाडे छे?" मग ती माझ्याकडे वळली. "भाई, तमे कहो. तमारूं नाक कहे ते साचुं."

मी चष्मा पुसला, मलमल उचकटली. आत गुलाबीसर भुकटी. नुसतं "हिंग" म्हटलं असतं तर नाक वाचलं असतं, घर वाचलं असतं, अकरा वर्षांचं गुपित वाचलं असतं. बाच काय ती चौदा दिवस मागच्या खोलीत बंद झाली असती. शब्द जिभेवर आला होता. तेवढ्यात ती मलमल नीट दिसली. सकाळपासून ती माझ्या नाकाला टेकत होती, मग दुसऱ्याच्या, परत माझ्या, आणि शेवटी बाच्या.

मी असा मागे उडालो की कडुनिंबाला आदळलो, आणि गोरव्यापर्यंत ऐकू गेलं असेल एवढ्या आवाजात ओरडलो, "बा पास! एकटी बा पास! नापास मी आहे. सकाळपासून मला कशाचाच वास येत नाही. डबीत जवळा आहे, आमचा आहे, अकरा वर्षांपासून आहे! आता सगळे घरी जा आणि दारं लावून घ्या, बा तुम्हीसुद्धा!"

सेक्रेटरीच्या हातातली एक पिशवी फुटली. "काका, मने वास आव्यो हतो," तो हळूच म्हणाला. "मने थयुं, मारूं ज नाक बगड्युं. घरे मा छे, दीकरी छे..." बाकीचे दहा जण चपला बघत होते.

माझी तपासणी झाली. रोग निघाला. बायको दाराबाहेरून म्हणायची, "अकरा वर्षं जिवापाड जपलेला जवळा चव्हाट्यावर आणलात! तोही कच्चा!" मला ताप किती चढला ते विचारू नका, माझ्या कपाळावर तिने पापड भाजले असं मी सांगतो. पण माझं लक्ष सगळं खाली, बाच्या मागच्या खोलीच्या खिडकीकडे. सकाळी गजांतून जुवारीची मूठ बाहेर आली आणि पारवे उतरले की म्हणायचं, आजचा दिवस गेला. सहाव्या दिवशी मूठ आली नाही. मी खिडकीला चिकटून उभा राहिलो, जेवलो नाही. दुपारी जुवार पडली. बा झोपून राहिली होती, एवढंच. अकरा जणांपैकी दोघांना ताप आला आणि उतरला. जवळ्याविरुद्ध ठराव मात्र आजतागायत झालेला नाही. तो लिहायचा तर अकरा जणांनी जवळ्याला हिंग म्हटलं, हेही लिहावं लागेल.

मुदत संपल्यावर मी खाली गेलो. गेटवर खुर्ची टाकून बा बसली होती. पतंग लुटायच्या लांब बांबूच्या टोकाला डबी, तिला कोरी मलमल. आता परीक्षा बाहेर जाणाऱ्याचीही. दहा फुटांवरून तिने ती माझ्या नाकासमोर आणली.

मी हुंगलं. नाक अजून ठार बंद. आणि मला बाहेर जायचं होतं, चौदा दिवसांनी, निदान चबुतऱ्यापर्यंत. बाजूला सेक्रेटरी उभा राहून ओठांनी मला उत्तर सांगत होता, "हिंग, हिंग."

"बा," मी म्हणालो, "काहीच येत नाही."

"साचुं?"

"साचुं."

तिने बांबू मागे घेतला, मलमल सोडली आणि डबी उलटी केली. आतून काहीही पडलं नाही.

"पास," बा म्हणाली. "जाओ."

सेक्रेटरी तोंड वासून बघत राहिला. तो तीन दिवस रोज सकाळी "हिंग" म्हणत होता आणि रोज घरी परत जात होता.