आक्काचा उजवा कान

संक्रांतीच्या आधीचा रविवार होता. नगरला माझ्या घरी आम्ही चौघे बसलो होतो. मी, माझी पत्नी सुनंदा, राहुरीहून आलेला धाकटा भाऊ संजय, आणि जिच्यासाठी बसलो होतो ती आमची थोरली बहीण शकुंतला, म्हणजे आक्का. रक्कम ठरली एक लाख चाळीस हजार. त्यातले ऐंशी माझे, साठ संजयचे. आक्काला उजव्या कानानं अजिबात ऐकू येत नव्हतं आणि तिला यंत्र घेऊन द्यायचं, एवढाच विषय होता. आम्ही अर्धा तास बोललो, आकडा पक्का केला, आणि मग सुनंदाच्या लक्षात आलं की आम्ही दोघं भाऊ आक्काच्या उजव्या हाताला बसलो आहोत. आक्का शांतपणे शेंगा सोलत होती. "झालं का तुमचं ठरून?" ती म्हणाली. "मंग आता या अंगाला येऊन सांगा, कुनाचं लगीन जमवलंत ते."

त्या रविवारनंतर आठ महिन्यांनी आक्का गेली. आज तिला जाऊन दीड महिना झाला. मी लेखक नाही, पतसंस्थेत हिशेबनीस आहे. जे झालं ते झालं त्या क्रमानं लिहितो.

सहा वर्षांपूर्वी एके दिवशी सकाळी उठल्यावर तिचा उजवा कान बंद झाला. आत शिट्टी वाजत होती आणि आढं गरगर फिरत होतं. कांद्याची काढणी चालू होती. त्यात तिच्या सासूबाईंचं पडून मांडीचं हाड मोडलं होतं. कानात पाणी गेलं असेल म्हणून तिनं कोमट तेल घातलं आणि कामाला लागली. भाऊबीजेला माझ्याकडे आली तेव्हा फोन उजव्या कानाला लावून ती "कोनी बोलंना गं" म्हणत राहिली आणि पलीकडून तिची मुलगी ओरडत होती, तेव्हा आम्हाला कळलं. मधे सात महिने गेले होते. डॉक्टर म्हणाले, नस गेलीय. पहिल्या दोन आठवड्यांत आला असता तर गोळ्या किंवा कानात इंजेक्शन देऊन पाहता आलं असतं, कधी कधी परत येतं. रस्त्यानं मी चिडलो होतो. आक्का मात्र हसली. "दोन आठवडं मला कोन सोडनार हुतं, बापू?"

पुढची वर्षं तिनं एका कानावर काढली. लग्नात ती रांगेच्या उजव्या टोकाला बसायची, म्हणजे सगळी माणसं डावीकडे येतात. रस्त्यानं चालताना मी आपोआप तिच्या डाव्या बाजूला जायचो. ऐकू यायचं, पण कुठून येतंय ते कळायचं नाही. फोन वाजला की उशीखाली, फडताळात, पार अंगणात शोधत फिरायची आणि तो कमरेच्या पिशवीत असायचा. याचं आम्ही हसू करायचो, तीही करायची. मागच्या ऊसतोडीच्या हंगामात मात्र सोनईच्या रस्त्यावर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर मागून आला, भोंगा वाजला आणि आक्का नेमकी ट्रॅक्टरच्याच बाजूला सरकली. ट्रॉलीच्या कडेनं तिच्या हातातली पिशवी फाडून नेली. हात राहिला. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात यंत्राचा विषय बसला.

वस्तू घेण्याआधी चार ठिकाणी दर विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. नगरमध्ये दोन ठिकाणी आणि पुण्यात एका ठिकाणी तिला घेऊन गेलो. सगळीकडे बंद खोलीत बसवून कानात शिट्ट्या वाजवल्या, आणि सगळीकडे उजव्या कानाची रेघ कागदाच्या तळाशी गेली. नेहमीचं श्रवणयंत्र उपयोगाचं नव्हतं, कारण ते आवाज मोठा करतं आणि इथे आवाज घेणारी नसच उरली नव्हती. मग डोक्याच्या हाडातून आवाज पलीकडच्या चांगल्या कानाला पोचवणारं एक यंत्र दाखवलं. ते पट्ट्यानं डोक्याला बांधायचं, आणि कायमचं हवं तर कानामागच्या हाडात स्क्रू बसवून घ्यायचा. आक्कानं पट्टा बांधून आरशात पाहिलं. "म्हशीला म्होरकी घातल्यावानी दिसतंय," म्हणाली आणि काढून ठेवला. ऑपरेशन करून कानाच्या आत बसवायचं यंत्र सात-आठ लाखांचं, शिवाय इतकी वर्षं बंद पडलेल्या कानाला त्याचा किती उपयोग होईल हे डॉक्टरांनाही सांगता येईना. त्यांनी आग्रह केला नाही. राहिलं ते दोन तुकड्यांचं यंत्र. बहिऱ्या कानामागे माइक, चांगल्या कानात दुसरा तुकडा. उजवीकडचं बोलणं डावीकडे पोचतं. कापाकापी नाही. तपासणाऱ्या मॅडमनी स्पष्ट सांगितलं, "आवाज कोणत्या बाजूनं आला हे मात्र यानंही कळणार नाही." मी विचारलं, मग ट्रॅक्टर? "रस्त्यावर डोळेच वापरायचे, काका." हे मी नीट ऐकलं होतं. तरी घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तेच यंत्र पक्कं झालं. एकदा आकडा आपल्या आवाक्यात आला की तीच वस्तू योग्य वाटायला लागते... वीस हजार अनामत भरून दहा दिवस वापरून पाहायचं ठरलं, आणि संक्रांतीनंतर आक्का ते घेऊन सासरी गेली.

तिचं सासर कसं होतं ते सांगायला हवं. सोनईच्या बाजूला, घरांना दारं न लावणाऱ्या गावात ती चाळीस वर्षं राहिली. चौकटी आहेत, त्यात दारं नाहीत. पडदे असतात. देवाचा पहारा आहे ही तिथली श्रद्धा. आता काही जण दारं लावतात, पण दाजींच्या घरात तो विषयही निघत नसे. चोरीची भीती नाही हे खरं. पण कुणीही कधीही आत येतं. सासूबाईंची बाज मधल्या खोलीत. पाणी दे, उशी सरकव, कोण आलं, किती वाजले, अशी त्यांची हाक चालू. दाजींचा टीव्ही. शेजारच्या बायका चुलीपर्यंत. त्या घरात आक्का एकटी बसलीय असं मी एकदाही पाहिलं नाही.

माझ्याकडे आली की जेवण झाल्यावर मागच्या खोलीत जायची आणि दार लावून घ्यायची. त्या दाराची कडी कोयंड्यात बसत नसे, म्हणून वर्तमानपत्राची घडी फटीत दाबायची. सुनंदा म्हणायची, "ताई, उकडेल, दार उघडं ठेवा." आतून उत्तर यायचं नाही. तास-दीड तासानं बाहेर येऊन मला म्हणायची, "तुझ्या दाराची कडी लागत न्हाई, बापू. सुतार बोलव." मी बोलवतो म्हणायचो.

यंत्र नेल्यावर पाचव्या दिवशी ती न कळवता एसटीनं आली. हळदीकुंकवाच्या स्टीलच्या डबीत कापूस घालून त्यात यंत्र ठेवलं होतं. डबी माझ्यापुढे ठेवली.

"चालत नाही का?"

"चालतंय की. लई चांगलं चालतंय. आत्याबाई पलीकडच्या अंगाला कूस बदलत्यात ते सुदिक ऐकू येतं."

"मग?"

तिनं डबी आणखी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाली, "आदी म्हनायचे, तिला ऐकू येत न्हाई, दुसऱ्या कुनाला सांगा. सून उठायची, हे स्वतः उठायचे. आता समदे म्हनत्यात, मशीन हाय ना तिला! दुपारी जरा आडवी झाले तर हे म्हनत्यात, मशीन घालून झोप, आईनं हाक मारली तर?"

मी ट्रॅक्टरचा विषय काढला. तो माझा हुकमी मुद्दा होता. तिनं माझ्याच पद्धतीनं हिशेब घातला. "ट्रॅक्टर सा वर्षांत एकदा आला, बापू. हाक दिवसातून शंबर येळा येती. आन त्या बाईच म्हनाल्या, ट्रॅक्टर कुठून येतो ते ह्याला कळत न्हाई. मंग कशापायी?" मग आवाज खाली घेऊन म्हणाली, "मी डाव्या कानावर झोपते. तो उशीत गेला की समदं बंद. आमच्या घराला दार न्हाई. मला येवढं एकच हाय."

तिला नको ते तिच्या कानात घालणं बरोबर नव्हतं, आणि तिला तशीच परत रस्त्यावर सोडणंही मला पटत नव्हतं. मधला मार्ग मी पुष्कळ शोधला. सापडला नाही. तिच्यापुढे वेगळीच अडचण होती. "घरी काय सांगू? हे इचारतील. नुसतं नको म्हनाले तर महिनाभर ऐकवतील, आन ते ह्याच कानात." ती हसली. मला हसू आलं नाही.

संध्याकाळी मी दाजींना फोन केला आणि सांगितलं, डॉक्टर म्हणतात, हे यंत्र आक्काच्या कानाला मानवत नाही, चांगल्या कानावर ताण येतो. मी पाच रुपयांची खोटी पावती कधी केलेली नाही. हे मात्र पूर्ण खोटं होतं आणि बोलताना माझा आवाज जराही हलला नाही. आक्का माझ्या उजव्या हाताला बसली होती, म्हणजे तिचा चालता कान माझ्याकडे. सगळं ऐकून ती उठली आणि मागच्या खोलीत गेली. फटीत कागद दाबल्याचा आवाज आला.

ऑगस्ट संपता संपता एका रात्री भाच्याचा फोन आला. त्या दुपारी, रोजच्यासारखी ती पडद्यामागे आडवी झाली होती. सासूबाईंनी हाक मारली. मग थांबल्या, आक्काच्या सुनेला म्हणाल्या, "चांगल्या कानावर झोपली आसंल. ऱ्हाऊ दे." चहाच्या वेळेलाही कुणी उठवलं नाही. दिवेलागणीला सून आत गेली तेव्हा सगळं संपलेलं होतं. दवाखान्यात हृदयाचं कारण सांगितलं. आधी लक्षात आलं असतं तरी काही झालं असतं का, याचं उत्तर कुणी छातीठोकपणे दिलं नाही. ती डाव्या कुशीवरच होती.

दहाव्याला दाजी माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, "ते मशीन मानवलं असतं तर आईची हाक ऐकून उठली असती वो. दुखत असंल तर सांगितलं असतं." मी मान हलवली. तिथे खरं सांगावं तर तिची गोष्ट उघडी पडते, न सांगावं तर हा माणूस उरलेलं आयुष्य डॉक्टरला दोष देणार... महिनाभर मी त्यात अडकून होतो. हे लिहायचं ठरवल्यावर मात्र आधी गावी गेलो आणि त्यांना सांगितलं. त्यांनी टीव्ही बंद केला.

"म्हंजे तिला ऐकायचं न्हवतं?"

"ऐकायचं होतं, दाजी. सगळं नाही."

ते चौकटीतल्या पडद्याकडे बघत राहिले. "दुपारचा पडदा वडून घ्यायची. मला वाटायचं, ऊन लागतंय." मधल्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं, कोण आलंय. दाजी स्वतः उठले, जवळ जाऊन सांगून आले. मग म्हणाले, "लिवा. पन जसं हुतं तसंच लिवा."

तसंच लिहिलं आहे. वीस हजारांच्या अनामतीतून वापराचे पंधराशे कापून साडेअठरा हजार तेव्हाच परत मिळाले होते. बाकीचे एक लाख वीस हजार भरायची वेळच आली नाही. संजयचा वाटा त्याच्याकडेच राहिला.

माझ्या घरी मागच्या खोलीच्या दाराच्या फटीत वर्तमानपत्राची ती घडी अजून होती. दार उघडताना खाली पडली. गेल्या आठवड्यात मी सुताराला बोलावलं. त्यानं कोयंडा काढला, चौकट तासली, नवी कडी बसवली आणि तीनदा लावून दाखवली. "आतून लावायची का बाहेरून?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, आतून. "आत झोपतं कोण?" मी म्हणालो, बहीण.

कडीचे एकशे दहा आणि मजुरीचे अडीचशे, असे तीनशे साठ रुपये त्याला दिले.