हे वापरलेलं दिसतंय!

आम्हा मास्तर लोकांकडे किस्से साचले ते एसटीच्या कृपेने. तळेघरच्या बाजूला गाडी एकदा चुकली की पुढची कधी येईल हे कंडक्टरलाही ठाऊक नसायचं. मग फाट्यावर बसून करणार काय? आपापल्या शाळेतल्या गमती सांगायच्या! ऐकणारे पोट धरून हसायचे, मीही हसायचे. आता रिटायर झाल्यावर तेच किस्से सांगायला घेतले की हसू यायच्या आधी डोकं तापतं. तरी सांगते. कारण ज्यांचे हे किस्से, त्या नसीमबाई स्वतः अवाक्षर काढायच्या नाहीत.

नसीमबाई जुन्नरच्या. माझ्याच शाळेत चौथीचा वर्ग त्यांच्याकडे. त्यांना एकच वेड, पोरांनी स्वतःच्या हाताने करून शिकलं पाहिजे. आमचे हेडमास्तर, म्हणजे मोठे गुरुजी, त्यांनाही एकच वेड. तपासणीला साहेब कधीही येवोत, सगळं जागच्या जागी दिसलं पाहिजे!

*

नव्वदच्या दशकात आमच्याकडे आनंददायी शिक्षण आलं. त्याचं प्रशिक्षण घोडेगावला, पत्र्याच्या हॉलमध्ये. सकाळपासून साहेब एकटेच बोलत होते आणि आम्ही सतरंजीवर मांडी बदलत बसलो होतो.

"मुलांना बोलतं करा! मुलांना प्रश्न विचारू द्या!" साहेब टेबलावर हात आपटून सांगत होते.

नसीमबाईंनी हात वर केला. "साहेब, एक विचारू का?"

"मध्ये बोलायचं नाही, बाई! लिंक तुटते!"

*

एवढं होऊनही बाई पेटूनच परत आल्या. करवंट्या घासून, भोकं पाडून, सुतळी ओवून त्यांनी एक झकास तागडी केली. पोरांनी नाचणी तोलली, दगड तोलले, एकमेकांच्या चपला तोलल्या. कोण जड, कोण हलकं, यावर पैजा लागल्या. वर्गात नुसता कल्ला!

कल्ला ऐकून मोठे गुरुजी आले. तागडी हातात घेऊन खूश झाले. "बाई, लई भारी काम केलंय तुमी!"

आणि त्यांनी ती काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"गुरुजी, पोरांना वापरायचीय ती," बाई म्हणाल्या.

"वापरली तं खराब व्हईल ना, राव! साहेब आल्यावर दाखवायचं काय?"

बाईंनी घरी दुसरी तागडी केली. ती रोज पिशवीतून आणायच्या आणि संध्याकाळी पिशवीतूनच परत न्यायच्या. शिकवण्याची वस्तू चोरून वर्गात आणावी लागते, अशी ही आमची शाळा.

*

मंचरला शैक्षणिक साहित्याचं प्रदर्शन भरलं. पहिला नंबर आला थर्माकोलच्या सूर्यमालेचा. गणपतीची आरास करणाऱ्या डेकोरेटरकडून ती करून आणलेली. तिचे दिवे कुठल्या बटणाने लागतात, हे ती आणणाऱ्या गुरुजींनाच सापडेना!

परीक्षक नसीमबाईंच्या टेबलाशी आले. बाईंनी पिशवीतलीच तागडी मांडली होती. सुतळी पोरांच्या हातांनी काळी पडलेली, करवंटीच्या कडेला नाचणीचे दाणे अडकलेले. परीक्षकांनी ती दोन बोटांत धरून उचलली.

"बाई, हे वापरलेलं दिसतंय!"

"हो, रोज वापरतो आम्ही." बाईंना वाटलं, कौतुकच चाललंय.

"मग इथं आणताना नवीन करून आणायचं ना!"

*

पुढे मोबाईलच्या जमान्यात मनःशांती आली. परिपाठात रोज दोन मिनिटं ध्यान. पोरं मैदानात रांगा करून उभी आणि मोठे गुरुजी छडी घेऊन रांगांमधून फिरतायत.

"डोळे मिटा! मन शांत ठिवा! कुणाचं मन हललं तं फोडून काढीन!"

तेवढ्यात त्यांचाच मोबाईल वाजला. रेंज फक्त झेंड्याच्या काठीपाशी, म्हणून गुरुजी तिकडे पळाले. "हॅलो! बेल्ह्याच्या बाजारात हायेस का? बैल कसा हाय? दात बघ आधी! चालवून बघ!"

बैल चालून झाला, दात बघून झाले, सौदा फिसकटून पुन्हा जुळला, तरी पोरं डोळे मिटून उभीच. एवढं ध्यान आमच्या शाळेत पुन्हा कधी झालं नाही.

*

आता मात्र मला हसू येत नाही.

आवणी चालू होती, भाताची रोपं लावायचे दिवस. बाईंनी क्षेत्रफळ शिकवायला वर्ग शेजारच्या हौसाबाईंच्या खाचरात नेला. एक दोर, आणि गुडघाभर चिखलात पोरं. लांबी ओरडून सांगतायत, रुंदी ओरडून सांगतायत. गणिताच्या तासाला हसणारी पोरं मी तेव्हा पाहिली.

रस्त्याने शिक्षण खात्याच्या ऑफिसची जीप चालली होती. आठवड्याने बाईंना नोटीस आली. शाळेच्या वेळेत विद्यार्थ्यांकडून शेतमजुरी करून घेतल्याबद्दल खुलासा करा!

हौसाबाई तणतणत शाळेत आल्या. "साहेबाला सांगा, पोरांनी एक रोप लावलं न्हाई! उलटं मी लावल्याली तुडवली!"

ते कोण ऐकणार? मोठ्या गुरुजींनी मजकूर सांगितला आणि बाईंनी मुकाट्याने लिहिला. "यापुढे सूचनेप्रमाणेच शिकवीन." त्या संध्याकाळी एसटीत मला कुणाची तरी कॉलर धरावीशी वाटत होती. दुसऱ्या दिवसापासून बाईंची पिशवी रिकामी यायला लागली.

*

काही वर्षांनी नवे साहेब आले. तरुण, मनाचे साफ. खुर्ची नाकारून ते चौथीच्या पोरांत मांडी घालून बसले. मी दारात उभी होते.

"बाई, जुन्या शिक्षकांकडून तुमच्याबद्दल खूप ऐकलंय," ते म्हणाले. "आज पुस्तक नको, फळा नको. तुम्हाला मनापासून जे शिकवावंसं वाटतं ते शिकवा. मी फक्त बघतो."

मला वाटलं, आता! देवा, आता तरी!

पोरं हाताची घडी, तोंडावर बोट ठेवून बसली होती. बाई हातात खडू घेऊन उभ्या राहिल्या. बाईंचा टोमणा मी लांबूनही ओळखते. पण पुढे त्या जे बोलल्या तो टोमणा नव्हता, त्यांना खरोखरच विचारायचं होतं.

"साहेब," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मनापासून म्हणजे नेमकं काय काय घ्यायचं, त्याच्या सूचना कधी येतील?"