सही न करणारा कॅप्टन

माझा पुतण्या अरुण स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून लसूण सोलता सोलता गेला. हे मी मुद्दाम पहिल्याच ओळीत लिहितो, कारण त्याच्या पायलट मित्रांनी त्या दिवशी दुपारपर्यंत मोबाइलवर फिरवून टाकलं होतं की ‘कॅप्टन अखेरच्या उड्डाणाला निघाले’. खाली ढगांचं चित्र आणि जोडलेले दोन हात. सुरतेत, आमच्या डिंडोलीतल्या चहाच्या टपरीवर एकाने मला ते वाचून दाखवलं. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या आवाजाने कान गेलेत माझे, अर्धंच ऐकू आलं, आणि मला वाटलं, अरुणला पुन्हा विमान मिळालं! "बघ, परत घ्यावंच लागलं ना त्याला," असं मी ऐटीत म्हणालोसुद्धा. तेवढ्यात माझ्या मुलाचा फोन आला, "बाबा, अरुणभाऊ गेला." चहा तसाच ठेवून मी उठलो. आता सांगा, लसूण सोलताना गेलेल्या माणसाला ते उड्डाण कशाला चिकटवता? त्याचं खरं उडणं बंद झालं तेव्हा ज्यांनी तोंड फिरवलं, त्यांनाच बरोबर ढगांची चित्रं सुचतात.

मी चौथी शिकलेला माणूस. अमळनेरकडून सुरतेत आलो आणि उभा जन्म लूमवर काढला. माझा धाकटा भाऊ मोतीराम माझ्यापेक्षा हुशार, त्याने कडोदऱ्याला स्वतःची लूमची लहानशी शेड टाकली. अरुण त्याचा एकुलता. पोरगा शिकला, आणि एक दिवस म्हणाला, मला पायलट व्हायचंय. मोतीरामने शेड विकली. सगळ्या भावकीने त्याला वेड्यात काढलं, सगळ्यात पुढे मी. मी अरुणला तोंडावर विचारलं, "एवढं विकून शेवटी ड्रायव्हरच होणार ना रे?" तो हसला आणि म्हणाला, "ड्रायव्हरच नाना. पण गाडी काढायची की नाही, हे मी ठरवणार. मालक नाही." मला वाटलं, पोरगं फुशारकी मारतंय. शेठ लोकांच्या शेडीत राबलेल्या माणसाला असं काही खरं वाटत नाही. मालकाने सांगितल्यावर नाही म्हणणारा कामगार मी पाहिला होता, पण दुसऱ्या दिवशी गेटच्या बाहेर.

पण ते खरं होतं, आणि मी स्वतः पाहिलं. अरुण तेव्हा एका लहान कंपनीत होता. सुरतेहून भावनगरकडे, सौराष्ट्रातल्या लहान गावांना पंख्याची विमानं जायची, बसभरही माणसं मावायची नाहीत त्यात. एकदा तो मला हट्टाने घेऊन गेला. मी धोतर नेसून, टोपी घालून खिडकीशी बसलो. विमान चालायला लागलं, वळलं, आणि परत जागेवर येऊन उभं राहिलं. अरुण पुढच्या दारातून वाकून आला आणि हात जोडून म्हणाला, "हे विमान आज जाणार नाही." झालं! माझ्या शेजारी एक हिऱ्याचा व्यापारी होता, तो असा ओरडला की विचारू नका. "तारा बापनुं विमान छे?" अरुण शांत. "डाव्या इंजिनाचा आवाज मला बरोबर वाटत नाही, मी नेणार नाही." लाज वाटली मला. भावकीत सांगून आलो होतो, आज विमानात बसणार म्हणून. मेकॅनिकने उघडून पाहिलं, काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच विमान सरळ जाऊन आलं. मी त्याला टोमणा मारला, "काय कॅप्टनसाहेब, काहीच नाही निघालं?" तो म्हणाला, "निघावं म्हणून थोडंच नाही म्हटलं होतं, नाना? वाटलं नाही, म्हणून नाही म्हटलं." आणि कंपनीने त्याला एका शब्दाने विचारलं नाही. महिन्याचा पगार महिन्याला. त्या दिवसापासून मी त्याला ड्रायव्हर म्हणणं सोडलं.

मग ती लहान कंपनी एका मोठ्या कंपनीने विकत घेतली. मोठी म्हणजे, जिच्या जाहिराती सगळीकडे लागतात तशी. केक कापला, सगळ्यांना टोप्या वाटल्या. हे पायलट लोक एवढे शिकलेले, गोरेगोमटे, इस्त्रीचे... टोप्या घालून फोटो काढत बसले. विमानांना नवा रंग लागला. आणि थोड्या दिवसांनी कळलं की मोठ्या कंपनीने विमानं घेतली, माणसं घेतलीच नाहीत. माणसं पुरवायला तिसरीच कंपनी. ठेका! विमान मोठ्या कंपनीचं, तिकीट तिचं, रंग तिचा, आणि उडवणारा ठेक्यावरचा. जुन्या नोकरीचा राजीनामा द्या आणि ठेकेदाराच्या कागदावर सही करा. महिन्याचा पगार बंद. विमान जेवढे तास हवेत राहील, तेवढ्या तासांचेच पैसे. मी सुरतेजवळच्या सचिन गावच्या कारखान्यांच्या वसाहतीत ठेक्याचे कामगार पाहिलेत, पण त्यांनी ठेका आला तेव्हा केक कापलेला नव्हता.

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस होता. आमच्या खान्देशी माणसाला दिवाळीपेक्षा आखाजी मोठी, म्हणून मी अरुणकडे वेसूला गेलो होतो. त्याची बायको रेखा शाळेत शिकवते, तिने सुट्टीच्या दिवशी पुरणपोळ्या आणि आमरसाचा घाट घातला होता. आणि नेमके त्याच दुपारी ते सगळे कॅप्टन चर्चेला आले. हॉलभर माणसं. त्यात दोघांचा आवाज मोठा. एक देसाई, इथलाच सुरती, आणि एक कुलकर्णी, पुण्याचा. मला वाटलं, आता हे ठेक्यावर बोलतील. कसलं काय! या लोकांमध्ये नंबर असतो. जो आधी लागला तो पुढे. पुढच्याला आधी कॅप्टनची खुर्ची, दिवाळीची सुट्टी, हवं ते गाव. आता देसाई आधी दुसऱ्याच कंपनीत होता, तीही केव्हातरी या लहान कंपनीने गिळलेली. तो म्हणे, माझी जुनी नोकरी धरा, मी सगळ्यांच्या पुढे. कुलकर्णी म्हणे, "आमच्यात आलास त्या दिवसापासून धरायचं. तू माझ्या मागे." देसाई म्हणे, "तुझ्या मागे? तू सायकल चालवत होतास तेव्हा मी ढगात होतो." आमरसाची वाटी हातात, बोटांना पुरण, आणि भांडण रांगेचं. पोळ्या संपत आल्या तरी भांडण संपेना. मी मध्ये काही बोलायला गेलो तर देसाई म्हणतो, "काका, तमे बेसो ने. आ तमारो विषय नथी." मी म्हटलं, "विषय माझा नसेल, पोळी आमच्या घरची आहे. ती खाताना तोंड जरा कमी उघडा."

अरुणने हातातली वाटी खाली ठेवली. मग म्हणाला, "ज्या कंपनीत आपण उद्या उरणार नाही, तिच्या रांगेत कोण पुढे म्हणून भांडताय? ठेकेदाराकडे रांगच नाही. त्याला हवा तो बोलावणार." तो पुढे म्हणाला, आणि हे मला शब्दाला शब्द आठवतं, "पैशाचं सोडा. उद्या पाऊस आहे, समोरचं दिसत नाही, मला जायचं नाही. मी नाही म्हटलं तर त्या दिवसाचे तास शून्य. दोनदा नाही म्हटलं तर तिसऱ्यांदा बोलावणारच नाहीत. मग नाही कोण म्हणेल? मागे बसलेल्या माणसाला वाटतं, पुढे कॅप्टन आहे. त्याला काय माहीत, पुढे बसलेल्याला हप्ता भरायचाय."

मग काय विचारता! सगळ्यांना स्फुरण चढलं. कुणीही सही करायची नाही, एकानेही नाही. देसाईने तर उभं राहून अरुणला मिठी मारली. मी पाटावरून म्हटलं, "तुमच्यातला पहिला कोण फुटणार तेवढं आत्ताच सांगा, त्याला रस कमी वाढतो." सगळे हसले. देसाई सगळ्यात मोठ्याने.

तो आठवडा पुरा झाला नाही. पहिली सही देसाईची. मग रोज एक. आणि प्रत्येकाने अरुणला फोन केला, हळू आवाजात, घरात कुणी आजारी असल्यासारखा. कुणाच्या पोरीचं शिक्षण, कुणाच्या घराचे हप्ते. मला सगळ्यात राग कशाचा आला सांगू? सही केली याचा नाही. पोट सगळ्यांना आहे. राग याचा, की प्रत्येक जण शेवटी म्हणायचा, "अरुण, तू मात्र करू नकोस हां. तू आमची इज्जत आहेस." म्हणजे यांची इज्जत आमच्या पोराने घरी बसून सांभाळायची, आणि हे आकाशात! कुलकर्णीने सही केली, पण तेवढा फोन केला नाही. त्याला मी त्यातल्या त्यात माणूस समजतो.

अरुणने सही केली नाही. भावकीतले शहाणे समजवायला आले. चलथाणच्या साखर कारखान्यात कारकुनी केलेला आमचा एक मेहुणा आहे, तोही आला आणि म्हणाला, जगात व्यवहार बघावा लागतो. अरुण त्याला म्हणाला, "मामा, तुम्ही चहा घ्या." मला एकट्याला त्याने विचारलं, "नाना, तुले काय वाटस?" घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो. मी म्हटलं, "सही नही म्हणजे नही. शाबास." दार उघडं होतं, रेखाने ऐकलं. ती बाहेर येऊन म्हणाली, "नाना, शाबास म्हणायला तुमचं काय जातं? घर मी चालवतेय." खरं होतं ते. पण शाबास मी मागे घेतली नाही. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलेनाशी झाली.

दुसरीकडे नोकरी बघितली त्याने. जिथे तिथे ठेकाच निघाला. पायलटचा हात चालू राहावा लागतो, बरेच दिवस उडवलं नाही तर परवाना नुसता खिशात ठेवायचा. सोसायटीतले लोक आधी लिफ्टमध्ये त्याला सलाम करायचे, मग विचारायला लागले, "कॅप्टन, घरीच असता का हल्ली?" तो म्हणायचा, "हो, स्वयंपाक शिकतोय." आणि खरंच शिकला. रेखा शाळेतून यायच्या आधी भाजी करून ठेवायचा. भरीत तर असं करायचा की आमच्या बायकांनी तोंडात बोटं घालावीत. दर वर्षी डॉक्टर तपासायचे या लोकांना, काळजात कधी काही निघालं नव्हतं... आणि त्या सकाळी लसूण सोलताना तेच बंद पडलं.

शोकसभा झाली. सगळे आले, नव्या रंगाच्या गणवेशात काही जण. देसाई बोलायला उभा राहिला. चांगला माणूस, मोठा कॅप्टन, वगैरे झालं. आणि मग डोळे पुसत म्हणाला, "अरुण थोडा वाकला असता तर आज आपल्यात असता." मी बसल्या जागेवरून ओरडलो, "तुम्ही सगळे वाकलात, अन् मग तो एकटाच दिसायला लागला!" मुलाने माझा दंड धरला. लोक म्हणाले, म्हातारा दुःखात आहे. दुःखात होतोच. पण बोललो ते दुःखात नाही, शुद्धीत बोललो. मात्र देसाईचं ते वाक्य सगळ्यांना आवडलं. भावकीत आता तेच चालतं. हट्टाने गेला. आणि हळूच पुढचंही म्हणतात, नानाने चढवला. रेखाही मान खाली घालून ऐकत होती. तिलाही तसंच वाटत असेल, असं मी धरून चाललो होतो.

गेल्या आठवड्यात मी वेसूला गेलो. ती बोलली नाही तरी जायचंच, असं ठरवून. तिने पाणी दिलं, समोर बसली. टेबलावर अरुणचा मोबाइल होता, तो वाजला. तिने उचलला आणि मला कमी ऐकू येतं म्हणून की काय, आवाज मोठा केला. एक बाई गोड आवाजात हिंदीत बोलत होती. ठेक्याच्या कंपनीतून. माणसं कमी पडताहेत, जुन्या कॅप्टनना फोन लावतोय, सर आता यायला तयार आहेत का, सराव आम्ही करून घेऊ. त्या बाईला बिचारीला काहीच माहीत नव्हतं. मला वाटलं, आता रेखा रडेल.

रेखा म्हणाली, "नहीं. वो नहीं आएँगे."

बाई म्हणाली, "मॅडम, एक बार सर से पूछ तो लीजिए."

"पूछने की ज़रूरत नहीं. उन्होंने मना किया है."

फोन ठेवला. मी विचारलं, "तो गेला, हे का सांगितलं नाहीस तिला?"

बऱ्याच दिवसांनी ती माझ्याकडे सरळ बघून बोलली. म्हणाली, "सांगितलं असतं तर त्यांनी काय लिहून घेतलं असतं नाना? मेला म्हणून आला नाही."

मग उठली, आणि तो मोबाइल तिने पुन्हा चार्जिंगला लावला.