सनई, कूलर आणि अकोल्याचे पाहुणे

अमरावतीला मी कॉलेजात मराठी शिकवत असे. घरात पुस्तकं पुष्कळ, त्यामुळे नातेवाइकांचा समज होता की मला कुठल्याही यंत्राचं माहितीपत्रक वाचता येतं. वाचता येतच होतं. कळत नसे, एवढंच.

मे महिन्यात शेंदूरजनाघाटहून मामाचा फोन आला. "भाचे, सकाळच्या गाडीनं ये. साऊंड तुटून राहिला."

मामाची संत्र्याची बाग आहे आणि मामेभाऊ ती मन लावून सांभाळतो. त्या वर्षांत नेमकी हीच त्याची अडचण होती. शेतीच्या बातम्या वाचून मुलींचे बाप इतके धास्तावले होते की कचेरीतला शिपाई चालेल, पण बागाईतदार नको. आधीचे दोन पाहुणे "कळवतो" म्हणून गेले ते गेलेच. आता रविवारी अकोल्याचे पाहुणे घर पाहायला येणार होते. मुलगी भावाला फार आवडली होती. हे त्यानं मला बसस्टँडवरच सांगून टाकलं, मी काही न विचारता.

घर जुनाट दिसतं म्हणून पाहुणे परततात, असं मामाचं निदान होतं. त्यावर इलाज म्हणून त्यानं बिनवायरचे स्पीकर आणले होते. बैठकीत एक पेटी, आणि तिच्यातून आवाज हवेतून घरभरच्या स्पीकरांत जायचा. पाहुणे जातील तिकडे सनई त्यांच्या मागे. एक स्पीकर न्हाणीघराबाहेरही होता.

"इथं कावून, मामाजी?"

"पावना हात धुवाले येईन ना! तवा का चुपचाप धुवाव?"

भावानं सनई लावली. बैठकीत ती बरी होती. मागच्या खोलीत दोन सूर यायचे, मग खर्र, मग शांतता, मग पुन्हा अर्धा सूर.

"हे वाजून राहिलं का खाकरून राहिलं?" मामी स्वयंपाकघरातून ओरडली.

साहित्याचा माणूस जे करू शकतो ते सगळं मी केलं. बंद करून चालू केलं. जाळीत फुंकर मारली. शेवटी माहितीपत्रक उघडलं. पेटी धातू आणि पाणी यांच्यापासून दूर ठेवा, असं त्यात लिहिलं होतं. मी मान वर केली. खिडकीत भला मोठा लोखंडी कूलर, टाकी काठोकाठ भरलेली, आणि त्याच्या डोक्यावर, विणलेल्या रुमालावर, ती पेटी.

मे महिन्यात वऱ्हाडात जे जे मोलाचं ते कूलरजवळ जातं. जावई असो की टरबूज.

"मामाजी, पेटी कूलरवर कावून ठेवली?"

"मंग? मशीनले ऊन लागत नाही का? तुले लागते, तिले नाही?"

"लोखंड अन् पाणी आवाज अडवते म्हणे."

"मी का पाण्यातून पाठवून राहिलो आवाज?"

मी पेटी लाकडी स्टुलावर ठेवली. सनई मागच्या खोलीपर्यंत सरळ वाहिली. मी पाणी प्यायला गेलो तोवर पेटी पुन्हा कूलरवर. शेवटी मामी आली, पेटी उचलून परत स्टुलावर ठेवली आणि म्हणाली, "कोणाले थंड कराचंच असन, त तुमी बसा कूलरवर." मामा बराच वेळ पेटीला वर्तमानपत्रानं वारा घालत होता.

रविवारी पाहुणे आले. मुलीचे वडील कचेरीतून निवृत्त झालेले. पोह्यांनंतर त्यांनी, एखाद्याच्या दुखण्याची चौकशी करावी तशा आवाजात विचारलं, "पोरगा शेतीच करते ना?"

मामा म्हणाला, "शेती म्हंजे... तसं..." आणि थांबला. त्या शांततेत सनई फारच स्पष्ट ऐकू आली.

वडिलांनी कान टवकारले. "तुमचं बरं वाजून राहिलं हो. आमच्या घरी बी हेच हाय. मांगच्या खोलीत नुसतं तुटते. दोन मेकॅनिक येऊन गेले."

इतका वेळ स्वतःच्या पायाचा अंगठा पाहत बसलेला भाऊ हळूच म्हणाला, "पेटी कूलरवर ठेवली का, काकाजी?"

त्यांच्या हातातला कप थांबला. "तुले कसं माहीत?"

"लाकडी स्टुलावर ठेवून पाहा. कूलरपासून लांब."

त्यांनी तिथूनच घरी फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि पेटी स्टुलावर ठेवायला सांगितली. पलीकडे स्टूल सरकवल्याचा आवाज झाला, मग मुलीचा आवाज आला. "बाबा, वाजलं! मांगच्या खोलीत बी! कोनं सांगतलं?"

वडिलांनी भावाकडे पाहिलं. "शेंदूरजनाघाटच्या पोरानं."

पलीकडे ती हसली. भावाचे कान लाल झाले.

माहितीपत्रकाचा उल्लेख करावा म्हणून मी तोंड उघडलं, तर मामीनं माझ्या हातात चिवड्याची दुसरी बशी दिली. मामा आता सावरला होता. "शेती सांभाळून इलेक्ट्रॉनिकचं बी पाहते पोरगा," तो म्हणाला.

दिवाळीनंतर लग्न झालं. तेव्हापासून सासरेबुवा दर आठवड्याला अकोल्याहून जावयाला फोन करतात. कधी फ्रिज गुरगुरतो, कधी इन्व्हर्टर शिट्टी मारतो. भाऊ गंभीर आवाजात म्हणतो, "पाहून सांगतो, बाबा." मग मला फोन करतो, "दादा, पाह्य ना काहीतरी. इज्जतचा सवाल हाय." मी इन्व्हर्टरचं माहितीपत्रक मागवून घेतलं आहे. वाचतो आहे.