साहेबांचे दात आणि तक्रारीचा नंबर

पाणीपुरवठा कार्यालयात त्यांना खऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. त्या सगळ्यांच्या ठळकताई. नाव उगाच नव्हतं पडलं. तेवीस वर्षं बाईंनी टायपिंग केलं, आणि जो येई तो म्हणे, "ताई, माझी सूचना तेवढी ठळक करा." ताई कुणाला नाही म्हणत नसत. अक्षर ठळक करायच्या, खाली रेघ मारायच्या, वर चौकट. सूचनाफलक बघावा तर नुसती बोंबाबोंब!

मग कार्यालयाची वेबसाइट करायचं ठरलं. साहेबांनी ताईंना बोलावून सांगितलं, "पान तुम्ही बनवा. त्यावर तक्रारींचा नवा नंबर टाका, फोन तुमच्याच टेबलावर राहील. महिनाभरात तो वाजायला लागला तर ठीक. नाहीतर हे काम बाहेरच्या कंपनीला, आणि तुम्ही तळघरात, रेकॉर्ड रूमला."

तळघरात टायपिंग नाही, नुसते गठ्ठे बांधायचे. ताईंना ते मरणाहून नको होतं.

त्यांनी आठवड्यात पान उभं केलं. सात विभागांच्या सात सूचना, सातही ठळक. लाल, निळा, हिरवा, जांभळा. मधून सरकणारी पट्टी. सगळ्यात वर साहेबांचा हसरा फोटो, चांगला ऐसपैस. पान लागलं आणि दहा दिवस फोन ढिम्म!

शेवटी ताईंनी घरी सासूबाईंच्या हातात मोबाइल दिला. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं. "आई, समजा आपल्याकडे पाइप फुटलाय. फोन कुठे करायचा ते शोधा बघू."

म्हातारीनं मोबाइल जवळ धरला, लांब धरला, मग खाली ठेवला. "अगं, सगळेच ओरडताहेत. ऐकू कुणाचं?"

ताईंना भयंकर राग आला. सासूचा नाही, स्वतःचा. दुसऱ्या दिवसापासून त्या जेवणाच्या सुट्टीत वेबसाइटची मांडणी शिकवणारे नवशिक्यांचे धडे बघायला बसल्या. पहिलाच धडा म्हणाला, डोळे किलकिले करा आणि पानाकडे बघा; आधी काय दिसतं? ताईंनी डोळे किलकिले केले. साहेबांचे दात दिसले.

झालं, बाईंनी कंबर कसली. नंबर सगळ्यात मोठा, एकटा, भोवती मोकळी जागा. त्याच्या लगेच खाली फोनची वेळ आणि कार्यालयाचा पत्ता, कारण जे एकत्र लागतं ते एकत्र असावं. सगळ्या ओळी एकाच कडेपासून सुरू. रंग दोनच. सात सूचना खाली, साध्या अक्षरांत. सांगायला सोपं, पण प्रत्येक सूचना लहान करताना ताईंचा जीव खालीवर होई. मोकळी जागा बघितली की हात शिवशिवे, काहीतरी भरून टाकावंसं वाटे. हात मांडीखाली दाबून त्या बसून राहत.

पान बदललेलं बघून साहेब टेबलापाशीच आले. "माझा फोटो कुठे गेला?"

"आतल्या पानावर आहे, साहेब. 'आमच्याविषयी'मध्ये."

"आणि इथे एवढी जागा वाया! आरामात बसला असता की."

"ती वाया नाही, मुद्दाम सोडलीय," ताई म्हणाल्या. "पाइप फुटलेला माणूस नंबर शोधतो, साहेब. तुम्हाला नाही."

पलीकडच्या कारकुनाला चहाचा ठसका लागला. साहेबांचा चेहरा लाल झाला. "महिना संपायला चार दिवस उरलेत. नाही वाजला फोन तर?"

"तर तळघरात मी आपल्या पायांनी जाईन. पण मी या खुर्चीवर आहे तोवर पान असंच राहणार."

बोलून तर गेल्या, पण दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला फोन वाजला. मग पुन्हा वाजला. दुपारपर्यंत एकोणीस तक्रारी लिहून ताईंची बोटं आखडली, पण काय तो आनंद! लोकांकडे गळत्या आधीही होत्याच की. नंबर आत्ता सापडला.

साहेब बघायला आले तेव्हा ताई रिसीव्हर कानाला लावून एकोणिसावी तक्रार लिहीत होत्या. तेवढ्यात साहेबांच्याच खिशातला मोबाइल वाजला. घरून फोन होता. साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. "काय? स्वयंपाकघरात? घोट्यापर्यंत पाणी? अगं, मग मला कशाला फोन करतेस..." पलीकडचं ऐकून घेऊन ते ताईंकडे न बघता पुटपुटले, "अर्ध्या तासापासून तुमचा नंबर लावतेय म्हणे. सारखा बिझी लागतोय."

ताईंनी रिसीव्हर ठेवून कोरा कागद पुढे ओढला. "पत्ता सांगा, साहेब. विसावी तक्रार."