माती मेलेली होती

हेडली नॉस्केने द्राक्षबाग विकली, तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या त्या बरोसा खोऱ्यात कुणालाच नवल वाटलं नाही. दोन्ही मुलं खाणीत नोकरीला गेलेली, त्याचे गुडघेही कामातून गेलेले. घेणारी थुई लाम मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. व्हिएतनामहून आलेल्या तिच्या आईबापांनी ॲडलेडच्या उत्तरेला काकड्या पिकवून तिला वाढवलं होतं. बाग ती सेंद्रिय करणार होती. हेडलीने राहतं घर आणि कुंपणालगतचं एक कुरण तेवढं स्वतःकडे ठेवलं. रोज सकाळी कुंपणाशी उभा राहून तो तिच्या बागेतलं गवत आणि त्यात चरणाऱ्या मेंढ्या बघायचा.

"द्राक्षं लावलीयस की चारा?"

"मेंढ्यांना विचारा," थुई म्हणायची. "त्यांची काही तक्रार नाही."

एवढ्यावर निभावलं असतं. पण पहिली वाईन तयार झाली तेव्हा थुईने गिऱ्हाइकांना बोलावलं. शेजारी म्हणून हेडली आणि त्याची बायको एल्वीराही गेली. पेला उचलून थुई सगळ्यांना म्हणाली, "मी आले तेव्हा इथली माती मेलेली होती."

हेडलीने पेला तसाच खाली ठेवला. पूर्वी द्राक्षांना भाव उरला नाही आणि जुन्या वेली उपटायला सरकारने पैसे देऊ केले, तेव्हा अर्धं खोरं उपटत सुटलं होतं. बापाने लावलेल्या शिराझ द्राक्षांच्या वेली त्याने राखल्या. मजूर परवडत नव्हते म्हणून तणनाशक मारून राखल्या, दिवसा दुसऱ्याचा ट्रक चालवून राखल्या. आणि त्याच वेलींची वाईन हातात धरून ही बाई त्याला चारचौघांत खुनी ठरवत होती.

वसंतात एका वादळी सकाळी त्याने कुरणात तणनाशकाचा फवारा सुरू केला.

"वारा तिच्याकडे वाहतोय, हेडली," एल्वीरा दारातून म्हणाली.

"कळतंय मला."

कुंपणालगतच्या ओळी त्याच्या बापाच्याच होत्या. त्यांची कोवळी पानं मुडपून गेली. तपासणी झाली आणि त्या ओळींचा सेंद्रिय दाखला तीन वर्षांसाठी गेला. आकसलेली फांदी घेऊन थुई कुंपणाशी आली.

"हे तुम्ही केलंत."

"वाऱ्याने केलं. भर त्याच्यावर खटला."

"खटला नाही भरणार. पण तुमच्या वडिलांचा मान म्हणून बाटलीवर नॉस्के नाव ठेवलं होतं. ते आता काढणार."

"बाग विकली मी. नाव नाही विकलं."

"नावही विकलंत. करारावर सही करताना घाई होती तुम्हाला."

तो फांदीकडे बघत राहिला.

काढणीच्या दिवसांत थुईला माणसं कमी पडली. एल्वीराने टोपी चढवली, कात्री घेतली.

"त्या बाईकडे चाललीस?"

"वेलींकडे चाललेय. जन्मभर मी त्यांचे घड काढले. तुझ्या रागापायी का सोडू?"

"मग जेवायला तिकडेच जेव."

"जेवेन की. तुझं तू बघ."

त्या दिवसापासून दर काढणीला ती जाऊ लागली. मग हेडलीने कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पत्रे ठोकले, डोक्याच्याही वर जातील एवढे उंच. आता त्याला तिकडचं काही दिसत नाही. पण ऐकू येतं: कात्र्यांचा आवाज, कुणीतरी केलेली थट्टा, आणि त्यावर एल्वीराचं मोठ्याने हसणं. घरात ती तशी हसल्याचं त्याला आठवत नाही.