माघारी न नेण्याचं वाण

ज्या दिवसांची ही हकीकत आहे, त्या दिवसांत मी देवाशी बोलत नव्हतो. भांडण झालं होतं असंही नाही. भांडायलासुद्धा समोर कुणीतरी आहे असं वाटावं लागतं. आमचं घर गुरवाचं. गोरेगावच्या पलीकडे रानात, ओढ्याच्या काठावर महादेवाचं जुनं देऊळ आहे आणि त्याची पूजा पिढ्यान्‌पिढ्या आमच्या भावकीकडे. कळायला लागल्यापासून मी पिंडीवरचं निर्माल्य काढलं, गाभारा धुतला, बेल वाहिला. पण अंगावर काटा येणं म्हणजे काय, ते मला हैदराबादला बी.एस्सी. करताना कळलं. काचेच्या नळीतलं पांढरं पाणी एका थेंबासरशी गुलाबी झालं आणि मी थरारून गेलो. गाभाऱ्यात जे कधी झालं नव्हतं ते प्रयोगशाळेत झालं. हे मी आबांना, म्हणजे वडिलांना, कधी सांगितलं नाही. ज्याच्या घरी देव पाहुणा नसून पोटापाण्याचा धनी आहे, त्या माणसाला असलं काही सांगू नये.

बी.एस्सी. झालो, ते सगळं उर्दूतून. आम्लाला मी मनातल्या मनात अजून तेजाबच म्हणतो. पुढे एम.एस्सी.ला नागपूरच्या एका कॉलेजात जागा मिळाली आणि सगळं घोडं पेंड खायला लागलं ते पैशापाशी. आमच्या संस्थानातली शिष्यवृत्ती संस्थानाबाहेर चालत नव्हती, आणि नागपूर पडलं इंग्रजी मुलखात. हिंगोलीच्या दोन-तीन बड्या घरांच्या पायऱ्या चढून आलो. एका शेटजींनी पाणी विचारलं, गूळ दिला आणि मायेनेच म्हणाले, "बी.एस्सी. झाला न्हवं? मंग नौकरी कर की बाबा. आनखी काहून तकलीफ घेऊन राहिला?" त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. पण तो गूळ मला घशाखाली उतरला नाही.

आमच्या भावकीत पूजेची पाळी महिन्यामहिन्याने फिरते. ज्याची पाळी, त्या महिन्याचं देवापुढचं उत्पन्न त्याचं. आमच्या वाट्याला श्रावण होता. चार सोमवारांवर आमचं वर्ष निघायचं. आबांनी मला न विचारता येत्या दोन सालांचा श्रावण माझ्या चुलत्यांना देऊन टाकला आणि पैसे माझ्या हातावर ठेवले. "शिकून ये," एवढंच म्हणाले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. श्रावणात दुसऱ्याच्या हातून बेल वाहिला जाताना बघत बसायचं, हे त्यांच्यासाठी काय होतं ते मला ठाऊक होतं. तरी मी पैसे घेतले. मला जायचंच होतं.

आषाढात आबांना विषमज्वर झाला. हिंगोलीच्या डॉक्टरांनी जीव ओतून उपचार केले, आबा वाचले, आणि पैसे संपले. वाचले याचा आनंद झालाच. पण ते अंथरुणातून उठून बसले त्या सकाळी माझ्या मनात फीचा विचार आधी आला, हेही खरं आहे. नागपूरच्या प्राध्यापकांनी कळवलं होतं की महिनाअखेरपर्यंत जागा राखून ठेवता येईल, त्यापुढे त्यांचाही इलाज चालणार नाही.

ते साल अधिक श्रावणाचं होतं, म्हणजे आधी एक अधिकाचा श्रावण आणि मग खरा. चुलत्यांचं म्हणणं, श्रावण घेतला म्हणजे दोन्ही घेतले. भावकी देवळाच्या ओट्यावर बसली. आमच्यातले सगळ्यांत थोरले आजोबा डोळ्यांनी अधू झाले होते, त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अधिक महिन्याला मालक नसतोय. ज्याचा हात रिकामा, त्याची पाळी. आपल्यात असंच चालत आलंय." चुलते हसले. "घेऊ द्या की. धोंड्याच्या महिन्यात म्हादेवाकडं कोण येऊन राहिलंय? लोक विठोबाकडं पळतेत."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. कुणी येत नव्हतं. आबांच्या अंगात उभं राहायची ताकद नव्हती, म्हणून पूजा मीच करत होतो, आणि कशी करत होतो ते काय सांगू! हात पिंडीवर आणि मन नागपूरच्या वाटेवर. वसमतकडच्या एका शाळेत मास्तरची जागा होती. ती घ्यायची असं मी ठरवलं. महिना सरत आला, तेव्हा एका सोमवारी अभिषेक आटोपल्यावर मी पिंडीकडे पाहून पहिल्यांदा बोललो. म्हणालो, "तू तुझं सांभाळ, मी माझं बघतो." प्रार्थना म्हणावी असं त्यात काही नव्हतं. मागितलं तर काहीच नाही. दुसऱ्या दिवशी नागपूरला नकार कळवायचा होता.

त्याच सोमवारी ऊन कलत असताना देवळापुढे एक छकडा थांबला. हाकणारा म्हातारा मुसलमान गृहस्थ होता. आत एक बाई बसल्या होत्या, त्या त्याला कादरमामा म्हणत. बाई उतरल्या. उंच, सावळ्या, पांढरं लुगडं, कपाळ मोकळं. हातात मोठं परातीएवढं तांब्याचं ताट, त्यावर खणाचं कापड, आणि कापडावर तुपाचा दिवा. छकड्याच्या हिसक्यांत तो विझू नये म्हणून वाटभर त्यांनी पदराचा आडोसा केला असावा, कारण पदराची कड काजळीने काळी झाली होती. मला ते ताट ओळखू आलं. आमच्याकडे अधिक महिन्यात जावयाला पुरणाच्या तेहतीस धोंड्यांचं वाण देतात. दिवा लावून घराबाहेर काढलेलं वाण माघारी घरात नेत नाहीत.

"पुजारी कोण हाय?" त्यांनी विचारलं.

"मीच. आबा आजारी आहेत." आबा ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते, त्यांनी हात जोडले.

बाई खांबाशी बसल्या. थोडं पाणी प्यायल्या. मग कुणाला सांगायचं म्हणून नव्हे, तर छातीवरचा दगड उतरवून ठेवावा तसं बोलल्या. "एकच लेक होती. दोन सालं झाली, गेली. जावयानं दुसरं लगीन केलं. करावंच, तरनं पोरगं हाय. म्या म्हणलं, धोंड्याचा महिना आलाय, लेक गेली म्हणून जावई थोडाच गेला? वाण घेऊन गेले. त्यानं दारातच सांगितलं, आता तुमचं आमचं नातं न्हाई." डोळ्यांत पाणी नव्हतं. "माघारी तर नेता येत न्हाई. मंग कादरमामा म्हणले, वाटेत म्हादेव हाय."

"देवालाच ठेवून जावं म्हणलं म्या," कादरमामा बाहेरून म्हणाले. "उसकी चौखट पे कुनाला न्हाई म्हनत न्हाईत."

बाईंनी ताट माझ्यापुढे धरलं. मी घुटमळलो. जावयाचं वाण घ्यायला मी कोण? तसं म्हणालोही, "मावशी, मी गुरवाचं पोरगं. हे पिंडीपुढं ठेवतो."

"त्याच्या दारात बसलायस ना तू? मंग त्याचं नि तुझं येगळं कसं काढू? घे लेकरा. हात भरून आलेत माझे."

मी ताट घेतलं. त्यांनी मला, एका बावीस वर्षांच्या पोराला, जावयाला करतात तसा वाकून नमस्कार केला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग पिंडीला हात जोडून त्या छकड्यात बसल्या. कुठल्या गावच्या, कुठल्या घरच्या, मी विचारलं नाही. त्यांनीही मला शिकतोस का, काय करतोस, काही विचारलं नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे.

आबांनी रिवाजाप्रमाणे पहिला धोंडा देवळाच्या गाईला घातला. तापातून उठल्यामुळे त्यांना पुरण चालत नव्हतं. मी दुसरा तोंडात टाकला आणि दाताखाली खट्‌कन लागलं. वाटलं, खडा. महिनाच धोंड्याचा, खडा निघायचाच! थुंकून बघतो तर हातावर सोन्याची पुतळी, बायका माळेत ओवतात तसलं नाणं. पुरणाने माखलेली. तिसरा फोडला, त्यात पुतळी. चौथा फोडला, त्यातही. आबा सरकत सरकत जवळ आले. ओट्यावर पुतळ्या मांडत गेलो तसतशी त्या लेकीच्या गळ्यातलीच असणार अशी अख्खी माळ आमच्यापुढे गोळा व्हायला लागली. ती बाई मेलेल्या लेकीचा दागिना लेकीच्या सवतीच्या गळ्यात घालायला निघाली होती, आणि तोही कुणाला कळू न देता. दारातून तिला परत लावणाऱ्याला, आपण काय नाकारलं, हे कधी कळणार नव्हतं.

खोटं कशाला सांगू, मला त्या सोन्यात नागपूर दिसलं. आबांकडे पाहिलं. त्यांनाही दिसलं असणार. पण ते म्हणाले, "पळ. तिला ठावं नसंल कोणाच्या हाती पडलं ते. माघारी देऊन ये."

मी पळालो. ओढ्याशी बैलांना पाणी पाजायला छकडा थांबला होता म्हणून गाठ पडली. धापा टाकत ओंजळ पुढे केली. "मावशी, तुमच्या धोंड्यांत..."

त्यांनी चटकन तोंड दुसरीकडे वळवलं. "म्या काय दिलंय? धोंडे दिले. आत काय हाय ते त्याला ठावं. तू मला सांगू नको रे, माझं दान मोडंल."

गुप्तदानाचा हा नेम मी ऐकून होतो. पाळणारं माणूस त्या दिवशी पाहिलं. मला राहवलं नाही. म्हणालो, "निदान एवढं तरी ऐका, मला नागपूरला..."

"तेबी नको सांगू," त्या म्हणाल्या. आवाज आता हलला होता. "तू सांगशील, मंग मला वाटत राहील की म्या कोणाचं तरी भलं केलं. मला तेवढं बी माघारी न्यायचं न्हाई."

कादरमामांनी बैल जुंपले. मी ओंजळ तशीच धरून उभा होतो. पाया पडायचंही राहून गेलं.

देवळात परतलो तेव्हा गाभाऱ्यात समई तेवढी होती. सकाळी मी ज्या पिंडीला 'तू तुझं सांभाळ' म्हणालो होतो, तिच्यासमोर उभा राहिलो आणि पायापासून डोक्यापर्यंत काटा आला. तोच काटा, प्रयोगशाळेतला. मी मागितलं नव्हतं. देणारीला माझी गरज ठाऊक नव्हती, ठाऊक करून घ्यायचीही नव्हती. मालक नसलेला महिना, जावई नसलेलं वाण, आणि हात रिकामा म्हणून तिथे बसवलेला मी. यातलं एकही मी जुळवलं नव्हतं. मी रसायनशास्त्राचा माणूस. दोन गोष्टी एकत्र आल्या की तिसरी का झाली हे विचारायची मला खोड आहे. त्या दिवशी विचारलं नाही. दगडावर डोकं टेकवलं आणि मनसोक्त रडलो.

चुलत्यांना कळलं तेव्हा मला वाटलं, आता हिस्सा मागतील. ते आले, उंबऱ्याशी वाकले आणि म्हणाले, "देवाचा महिना होता. देवानं दिलं." पुढे माझं सामान गोरेगावपर्यंत त्यांनीच डोक्यावर घेतलं. आबांनी मात्र दोन दिवस देवळाच्या गाईचा पिच्छा पुरवला. पहिल्या धोंड्यातली पुतळी शेवटी शेणात सापडली, ती धुऊन त्यांनी पिंडीपुढे ठेवली आणि मला विकू दिली नाही. "ही त्यानं मागं ठिवलीय. कशासाठी ते त्यालाच ठावं," म्हणाले. बाकीच्या पुतळ्या बोचक्यात घेऊन मुदत सरायच्या आत संस्थानच्या हद्दीवरचा कनेरगावचा नाका ओलांडला. तिथल्या शिपायाने बोचकं उलटंपालटं केलं आणि विचारलं, काय नेऊन राहिला? मी म्हणालो, प्रसाद.

एम.एस्सी. झालो. नागपुरातच शिकवायला लागलो. अधिक महिना आला की रजा काढून देवळात जायचो आणि रस्त्याकडे तोंड करून बसायचो. त्या बाई पुन्हा कधी आल्या नाहीत. शोध घ्यायचा फार मोह झाला. पण सापडून मी काय केलं असतं? आभारच मानले असते, आणि नेमके तेच त्यांना नको होते. उपकार फेडण्याची धडपड हीसुद्धा एक ऐटच असते, हे मला फार उशिरा उमगलं. घेणाऱ्याने नुसतं घ्यावं, वाकून घ्यावं, आणि ऋणी राहण्याची सवय करावी. म्हणूनच या हकीकतीत मी माझं नाव घातलेलं नाही. त्यांनी चुकून वाचलं तर त्यांचं दान मोडायला नको.

गेल्या साली पुन्हा अधिक श्रावण आला. आबा आता नाहीत. ती पुतळी माझ्याकडे असते. माझ्या वर्गात एम.एस्सी.ची एक विद्यार्थिनी होती. भावाने पुढची फी भरायला नकार दिला होता, आणि ती पुस्तकं परत करायला आली होती. ती माझ्यापाशी काही बोलली नव्हती. तिच्या मैत्रिणींच्या बोलण्यातून कानावर आलं होतं. वाण जावयाला द्यावं असा रिवाज आहे. पण हे सोनं एका लेकीचं होतं. बायकोने धोंडे केले आणि मी त्या मुलीला सांगितलं, "आमच्याकडे अधिकाचा प्रसाद असतो, घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या फाटकातून ती धावत आली. श्वास लागलेला, मूठ घट्ट मिटलेली. "सर, तुमच्या धोंड्यात..."

मी चटकन तोंड वळवलं. डोळे भरले होते, तेही तिला दिसायला नको होते. आणि शब्द माझ्या शहरी तोंडातून आले ते त्या बाईंच्याच बोलीत, "म्या काय दिलंय? धोंडे दिले. आत काय हाय ते त्याला ठावं."